बेळगावात बसून डॉल्फिनसाठी मोहीम: सह्या गोळा करण्यापलीकडे काय करता येईल?

अनगोळ_युवक

नमस्कार मंडळी. गणपतीनंतरचा उपक्रम म्हणून आमच्या मंडळानं यंदा डॉल्फिनचा विषय घ्यायचं ठरवलंय. कारवारपासून गोवा आणि वेंगुर्ल्यापर्यंत जाळ्यात अडकून डॉल्फिन मरतात, त्याविरुद्ध मोहीम. सुरुवात ५ ऑक्टोबरच्या डॉल्फिन दिवसाला. शहरातल्या चार शाळा, खानापूर आणि निपाणीची एकेक, कार्यकर्ते तीसेक आणि हातात १५,००० रुपये.

सध्याचा बेत असा: 'डॉल्फिन वाचवा' पोस्टर, ऑनलाइन सह्या, कॅम्पातल्या मासळी बाजारासमोर 'ट्रॉलरची मासळी घेऊ नका' असे फलक आणि जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन. पण आपल्याकडं समुद्रच नाही, मग इथल्या निवेदनाला कोण विचारतो असं मंडळातच काही जण म्हणतायत. जाणकारांनी सांगावं, बेत बरोबर आहे का? मागणी नेमकी काय करावी आणि कुणाकडं?

सागरजीव

पोस्टर छापायच्या आधी कुठला डॉल्फिन आणि कुठलं जाळं, ही दोन उत्तरं पक्की करा. तुमच्या बेतात दोन्ही चुकलीत.

५ ऑक्टोबरचा दिवस गंगेतल्या डॉल्फिनमुळे आला. २००९ साली त्या तारखेला त्याला राष्ट्रीय जलचर करायचं ठरलं. तो गोड्या पाण्यातला, जवळपास आंधळा, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात राहणारा. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या मोजणीत देशातल्या नद्यांत ६,३२७ डॉल्फिन निघाले, त्यातले फक्त ३ बियास नदीतले सिंधू डॉल्फिन. आपल्या कृष्णेत, घटप्रभेत किंवा मलप्रभेत डॉल्फिन नाही. चिकोडीकडं कृष्णेच्या काठावर दिसते ती मगर. दिवस तोच पाळा, १५ ऑगस्ट २०२० ला जाहीर झालेल्या 'प्रोजेक्ट डॉल्फिन'मध्ये समुद्रातले डॉल्फिनही येतात. फक्त पोस्टरवर गंगेतला डॉल्फिन आणि खाली कारवारचं नाव, असं करू नका.

आपल्या किनाऱ्यावरचा संकटातला डॉल्फिन म्हणजे हिंदी महासागरातला हंपबॅक डॉल्फिन. पाठीवर लांबट उंचवटा, त्यावर छोटं पर, रंग शिशासारखा राखाडी, श्वासाला वर येताना आधी चोच बाहेर काढतो. मालवणी कोळी ज्याला 'गादा' म्हणतात त्यात बहुतेकदा हाच असतो. आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत तो 'संकटग्रस्त' आहे. त्याची अडचण अशी की तो खोल समुद्रात जात नाही. २५ मीटरपेक्षा कमी पाण्यात, खाडीच्या तोंडाशी, किनाऱ्याला धरून फिरतो. कारवारला काळी नदीचं मुख, देवबागसमोरचा पट्टा, वर तेरेखोल आणि कर्ली नद्यांच्या मुखाशी. म्हणजे जिथं लहान होडीवाल्याचं जाळं लागतं, तिथंच.

यातून न रुचणारी गोष्ट निघते. या डॉल्फिनला सगळ्यात मोठा धोका ट्रॉलरचा नसून साध्या गिलनेटचा आहे, म्हणजे पारंपरिक मच्छीमाराच्या नायलॉनच्या एकपदरी जाळ्याचा. वरच्या दोराला बोये, खालच्या दोराला शिसं, मधे पाण्यात जवळपास न दिसणारी भिंत. मासा आसात (जाळ्याच्या छिद्रात) डोकं घालतो आणि कल्ल्यापाशी अडकतो. डॉल्फिन त्या माशावर येतो, त्याचं पर किंवा शेपूट गुरफटतं, तो गोल फिरतो आणि जास्तच गुंडाळला जातो. तो मासा नव्हे, श्वास घ्यायला त्याला वर यावंच लागतं. काही मिनिटांत गुदमरतो. रात्री लावून पहाटे ओढायच्या जाळ्यात तो मेलेलाच मिळतो. मादी साधारण तीनेक वर्षांनी एक पिल्लू देते, त्यामुळं एका टापूत वर्षाला दोन-चार माद्या गेल्या तरी कळप भरून निघत नाही.

'ट्रॉलरची मासळी घेऊ नका' हा फलक लावलात तर दोष भलत्यावर जातो आणि खरं जाळं तसंच राहतं. 'गिलनेटची मासळी घेऊ नका' असं लिहिलंत, तर पात (लहान होडी) घेऊन जाणाऱ्या गरीब माणसाच्या पोटावर पाय. दोन्ही नकोत.

ट्रॉलर आणि पर्ससीन (माशांच्या थव्याला घेरणारं मोठं जाळं) निर्दोष आहेत असंही नाही. प्रखर एलईडी दिवे लावून मासेमारी आणि दोन बोटींनी मिळून ओढायचा बुल ट्रॉल, या दोन्हींवर केंद्रानं १० नोव्हेंबर २०१७ ला बंदी घातली. तरी चालतं, हे किनाऱ्यावर कुणालाही विचारा. तारली-बांगडा असा एकगठ्ठा उचलला गेला की डॉल्फिन उरलेल्या माशांसाठी होडीवाल्याच्या जाळ्यावर येतो, जाळं फाडतो आणि कोळी चिडतो. मच्छीमारांची तक्रार हीच असते, आणि तिच्यात तथ्य आहे.

अनगोळ_युवक

बाप रे, बरं झालं विचारलं. मग जाळंच बदलायला सांगायचं का? नेटवर पिंगर म्हणून काहीतरी वाचलं, आवाज करणारं यंत्र. ते घेऊन वाटलं तर?

सागरजीव

१५,००० मध्ये पिंगरच्या नादाला लागू नका. पिंगर जाळ्याच्या दोराला बांधतात, तो ठरावीक वेळानं साधारण १० किलोहर्ट्झचा टिकटिक आवाज सोडतो. थंड समुद्रातल्या हार्बर पॉरपॉइज या लाजऱ्या जातीवर तो चांगला चालला. हिशेब असा की साधारण दर १०० मीटरला एक. ५०० मीटरच्या जाळ्याला दोन्ही टोकं धरून ६ लागतात. एकाचा सेल संपला की मधे २०० मीटरचं दार उघडं, आणि डॉल्फिन तिथूनच शिरतो. शिवाय माणसाळलेल्या, धीट जातींना काही दिवसांनी त्या आवाजाची सवय होते, किंवा उलट 'इथं जाळं आहे म्हणजे मासे आहेत' अशी जेवणाची घंटा होऊन बसते. आपल्याकडच्या गाद्यावर आधी संशोधन संस्थेनं चाचणी घ्यायला हवी. मंडळानं यंत्रं वाटायचं काम नव्हे.

दुसरा उपाय बिनखर्चाचा. जाळ्याचा वरचा दोर पाण्याच्या पृष्ठावर न ठेवता लटकणीच्या दोरांनी २ मीटर खाली सोडायचा. पाकिस्तानात ट्यूनाच्या जाळ्यांवर हे करून पाहिलं तेव्हा अडकणारे डॉल्फिन तीन चतुर्थांशांहून जास्त घटले. हिंदी महासागर ट्यूना आयोगानंही सदस्य देशांना २ मीटरचा नियम घालून दिलाय. पण हे खोल समुद्रातल्या, पृष्ठावर तरंगणाऱ्या लांब जाळ्यांसाठी. तिथं वाचतात ते स्पिनर आणि बॉटलनोजसारखे डॉल्फिन. काळीच्या मुखाशी पाणीच ८-१० मीटर, जाळं तळाला टेकलेलं, तिथं २ मीटर खाली सोडून काय होणार?

उथळ पाण्यात उपयोगी पडतात त्या साध्या गोष्टी. जाळं सोडून घरी न जाता राखणीला थांबणं, पाण्यात ठेवायचा वेळ कमी करणं, गाद्यांचा कळप दिसला की त्या फेरीला जाळं न टाकणं, खाडीच्या अगदी तोंडात जाळं न लावणं, आणि फाटलेले तुकडे समुद्रात न फेकणं. प्रत्येकात मच्छीमाराचा वेळ किंवा डिझेल जातं. म्हणून तो 'हो' म्हणतो आणि करत नाही. त्याचं नुकसान कोण भरणार हे ठरल्याशिवाय पुढं सरकता येत नाही.

बैतखोल_धक्का

नुकसानीचा मुद्दा निघालाच आहे तर तुमच्या मोहिमेची मुख्य मागणी तिथंच सापडेल.

महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून योजना आहे. डॉल्फिन, कासव, देवमुशीसारखा (व्हेल शार्क) संरक्षित प्राणी जाळ्यात आला आणि मच्छीमारानं जाळं कापून तो जिवंत सोडला, तर जाळ्याची भरपाई मिळते, कमाल २५,००० रुपये. वनखात्याचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग मिळून देतात. सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ लागतात. त्याच्याबरोबर बोटीची नोंदणी, परवाना आणि बँकेचा तपशील जोडलेला असावा. अर्ज अडतो तो बहुतेकदा फोटोपाशी. चार जण जाळं धरून, एक सुरी चालवतोय, बोट हलतेय, मोबाइल कोण काढणार? म्हणून तांडेलानं (बोटीच्या प्रमुखानं) निघतानाच एका खलाशाला ते काम नेमून द्यावं, असं तिकडं सांगितलं जातं. फोटोत तीन गोष्टी आल्या पाहिजेत: जाळ्यात अडकलेला प्राणी, कापलेलं जाळं आणि पाण्यात परत गेलेला प्राणी. बोटीचा नंबर दिसला तर उत्तम.

बेळगावकरांनी कर्नाटक सरकारकडं हे मागावं. तुम्ही इथले मतदार, कारवार-अंकोला-होन्नावर याच राज्यात. महाराष्ट्राचा शासन निर्णय सरकारी संकेतस्थळावर मराठीत फुकट मिळतो, तो कन्नडमध्ये भाषांतर करून निवेदनाला जोडा. 'शेजारच्या राज्यात आहे, आमच्याकडं करा' याला अधिकाऱ्याला उत्तर देणं अवघड जातं.

दुसरी गोष्ट भीतीची. डॉल्फिन वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे. शिकारीला ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५,००० दंड. जाळ्यात आपोआप मेलेला डॉल्फिन घेऊन कोण धक्क्यावर येईल? तो समुद्रातच सोडून देतात. मग वाहून किनाऱ्याला लागतो तेवढाच मोजला जातो, आणि सरकार म्हणतं प्रश्न लहान आहे. त्यामुळं भरपाईबरोबर 'चुकून अडकलेल्या प्राण्याची स्वतःहून खबर देणाऱ्यावर गुन्हा नको' असं लेखी परिपत्रक मागा. शिक्षा वाढवा ही मागणी मात्र करू नका. टाळ्या मिळतील, पण धक्क्यावरून येणारी खबर आहे तेवढीही बंद होईल.

मच्छीमारांना भेटायला यायचं असेल तर ऑक्टोबरात येऊ नका, हंगाम भरात असतो. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या बंदीत यांत्रिक बोटी धक्क्याला असतात, जाळी बाहेर काढून विणकाम चालू असतं, तेव्हा लोक बसून बोलतात. यंदा आलातच तर दुपारी या. सकाळी लिलावाच्या वेळी फलक घेऊन उभं राहिलात तर बर्फाच्या पाट्या अंगावर येतील. खारवी, हरिकंत्र, गाबीत, सगळ्यांच्या सहकारी सोसायट्या आहेत, आधी अध्यक्षांना फोन करून या. बोली कोंकणी, मराठी समजते, भाषेची अडचण येणार नाही.

हिंडलगा_वाचक

जाळ्यात जिवंत सापडला तर नेमकं करायचं काय? शाळेत मुलं हेच विचारणार.

बैतखोल_धक्का

इंजिन न्यूट्रलला. जाळं ताणू नका, सैल सोडा, म्हणजे त्याला नाक वर काढता येईल. नाक म्हणजे डोक्यावरचं छिद्र, ते पाण्याच्या वर आणि मोकळं राहिलं पाहिजे. आधी डोक्याजवळचे फास कापायचे, मग बाजूच्या परांचे, शेपूट शेवटी. शेपूट आधी मोकळी केली तर तो उरलेलं जाळं घेऊन पळतो आणि चार दिवसांनी ते मांसात रुतून मरतो. शेपटीला दोर बांधून ओढायचं नाही, सांधा निखळतो. बोटीत घ्यायचा नाही. सुरीचं टोक बोथट हवं किंवा कात्री. शेवटचा धागाही अंगावर राहिला नाही ना ते बघून मगच सोडायचा.

किनाऱ्याला लागलेला असेल तर वेगळं. लगेच समुद्रात ढकलू नका, आजारी असेल तर तो परत येतो. पोटावर सरळ ठेवा, बाजूच्या परांखाली वाळू उकरून खड्डा करा, ओलं कापड टाका, सावली करा. नाकाच्या छिद्रावर कापड नको आणि त्यात पाणी जाऊ देऊ नका. गर्दी मागं हटवा, सेल्फीवाल्यांना आधी. वनखात्याला १९२६ वर, समुद्रात असाल तर तटरक्षक दलाला १५५४ वर कळवा. मुलांना एवढं पुरे, सहलीला कारवार-मालवणला जातातच की.

वडगाव_अर्जदार

निवेदन कुणाला, यावर लिहितो. जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन देऊन फोटो काढणं हा आपल्या गावचा आवडता खेळ. बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात समुद्र नाही, ते फक्त 'पुढील कार्यवाहीसाठी' पाठवतील. तरी एक प्रत द्या, पोच मिळते.

तुमच्याकडं कारवारवाल्यांकडंही नाही अशी एक गोष्ट आहे, सुवर्ण विधानसौध. २०१२ ला बांधून झाल्यापासून हिवाळी अधिवेशन बहुधा डिसेंबरात हलग्याजवळ भरतं. मत्स्योद्योग मंत्री, वनमंत्री, किनारपट्टीचे आमदार, सचिव, सगळे दहा-बारा दिवस तुमच्या गावात असतात. बेंगळुरूला जायचा खर्च वाचला. त्यामुळं ५ ऑक्टोबर ही फक्त सुरुवात धरा, खरा दिवस अधिवेशनातला. क्रम असा ठेवा.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात माहिती अधिकाराचे दोन अर्ज. एक कारवारच्या वनविभागाच्या माहिती अधिकाऱ्याला, दुसरा कारवारच्याच मत्स्योद्योग खात्याला. कर्नाटकात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, जास्त झाला की परत येतो. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडा. भाषा कन्नड किंवा इंग्रजी ठेवा, मराठीत दिलात तर मूळ प्रश्न बाजूला राहून भाषेचाच वाद होईल, त्याला इतर ठिकाणं आहेत. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर पहिलं अपील त्यापुढच्या ३० दिवसांत.

विचारायचं काय? 'डॉल्फिन का मरतात' असं विचारू नका, 'का' आणि 'मत काय' याला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही. कागदावर असलेलंच मागा. वनविभागाला: गेल्या पाच वर्षांत नोंद झालेल्या मृत आणि किनाऱ्याला लागलेल्या सागरी सस्तन प्राण्यांची वर्षवार, जातवार यादी, शवविच्छेदन झालेल्यांची संख्या, नोंदवलेले गुन्हे. मत्स्योद्योगला: एलईडी आणि बुल ट्रॉलवर वर्षवार केलेल्या कारवाया आणि वसूल दंड, संरक्षित प्राणी सोडणाऱ्या मच्छीमाराला भरपाईचा आदेश असल्यास त्याची प्रत. 'असल्यास' हा शब्द विसरू नका. 'असा आदेश नाही' हे उत्तर आलं तर तेच तुमच्या निवेदनाचं पहिलं पान.

नोव्हेंबरच्या मध्याला उत्तरं हातात येतील. तेव्हा स्थानिक आमदारांना भेटून प्रश्न द्या, अधिवेशनाच्या तीन-चार आठवडे आधी. आदल्या दिवशी चिठ्ठी नेऊन दिली तर खिशातच राहते. एक प्रत कारवारच्या आमदारांनाही पाठवा. दोघांनी विचारलं तर वजन येतं.

अधिवेशनात धरणं धरायचं असेल तर पोलीस आयुक्तालयाची लेखी परवानगी लागते, आणि विधानसौधच्या आसपास जमावबंदी असते. नेमून दिलेल्या जागीच बसावं लागतं. ऊस, आरोग्यसेविका, आरक्षण अशा शे-दीडशे संघटनांच्या गर्दीत तीस पोरांचं धरणं कुणाला दिसणार नाही. त्यापेक्षा मंत्र्यांची पाच मिनिटांची वेळ मागा, कारवारच्या एका मच्छीमार सोसायटीचा माणूस बरोबर न्या. शहरातली पोरं आणि कोळी एका बाजूला बसलेत हे दृश्य त्यांना नवीन असेल.

मागण्या तीनच ठेवा. दहा केल्या की अधिकारी सोपी निवडतो आणि 'जनजागृती फलक लावले' म्हणून फाइल बंद करतो. नमुना देतो, कन्नडमध्ये करून घ्या:

'१. जाळ्यात अडकलेला संरक्षित सागरी प्राणी जिवंत सोडणाऱ्या मच्छीमाराला महाराष्ट्राप्रमाणे कमाल २५,००० रुपये भरपाई द्यावी, अर्ज मत्स्योद्योग कार्यालयात घ्यावा आणि ३० दिवसांत निकाली काढावा. २. चुकून अडकलेल्या प्राण्याची स्वतः खबर देणाऱ्यावर गुन्हा दाखल करू नये, असं परिपत्रक वनविभागानं काढावं. ३. एलईडी आणि बुल ट्रॉलवरच्या कारवाईचा तपशील दर महिन्याला प्रसिद्ध करावा.'

सह्यांच्या कागदावर नाव, गाव, तालुका आणि सही एवढंच. मोबाइल नंबर घेऊ नका, तो कागद दहा हातांतून जातो. शाळकरी मुलांच्या सह्या मतदारांच्या सह्यांत मिसळू नका, वेगळ्या पानावर घ्या. ऑनलाइन सह्यांत अमेरिकेतल्या ५,००० नावांपेक्षा खानापूर तालुक्यातली ५०० आमदाराला जास्त कळतात.

शहापूर_सुगरण

मासळी बाजाराचं काय ठरलं? आम्ही बांगडा सोडणार नाही हं, आधीच सांगते. पण सुरमई घेताना काही बघता येतं का? आणि डब्यातल्या ट्यूनावर डॉल्फिनचं चित्र असतं, ते खरं का?

सागरजीव

सुरमई बघता येते. गळाची असेल तर जबड्याला गळ लागल्याची खूण असते, अंगावरची चकाकी शाबूत असते. जाळ्याची असेल तर कल्ल्यामागं, मानेभोवती आसाचा वळ उमटलेला दिसतो. 'गळाची आहे का?' असं विचारायला हरकत नाही. विचारणारे वाढले तर विक्रेते गळाची वेगळी ठेवतील, किलोमागं जास्त घेतील आणि वाटलं तर तोही मोहिमेचाच भाग. पण यावर फार भिस्त ठेवू नका. चोर्ला, अनमोड किंवा आंबोलीतून गाडी येईपर्यंत तीन बंदरांचा माल एका बर्फात मिसळलेला असतो. विक्रेत्यालाच ठाऊक नसतं, तो खोटं बोलतो असं नाही.

'जून-जुलैत मासे खाऊ नका' हेही सरसकट लिहू नका. बंदी यांत्रिक बोटींना आहे, वल्ह्याच्या होडीला नाही, आणि तिच्या चार पैशांचे दिवस तेच. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, म्हणजे जूनच्या मध्यानंतर तिकडचा माल कायदेशीरपणे बेळगावात येऊ शकतो.

डब्यावरच्या चित्राबद्दल: ती चळवळ पूर्व पॅसिफिकची. तिथं पिवळ्या पराच्या ट्यूनावर डॉल्फिनचे कळप फिरतात, म्हणून बोटी डॉल्फिन हेरून त्यांच्याभोवतीच पर्ससीन टाकायच्या. लोकांनी डबे घेणं थांबवलं, १९९० मध्ये अमेरिकेत 'डॉल्फिन सेफ' लेबलाचा कायदा झाला आणि त्या पद्धतीतले मृत्यू खूप घटले. ग्राहकाच्या दबावानं काम झालं त्याचं हे चांगलं उदाहरण, शाळेत सांगा. पण हिंदी महासागरातला मुख्य मारेकरी पर्ससीनचा घेरा नव्हे, गिलनेट आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार १९५० ते २०१८ या काळात इथल्या ट्यूना गिलनेटमध्ये सुमारे ४१ लाख लहान देवमासे-डॉल्फिन गेले. त्यामुळं डब्यावर उडी मारणारा डॉल्फिन दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. मासा गळानं धरलाय असं छापलं असेल तर जास्त विश्वास ठेवा.

वडगावकरांच्या निवेदनात एक ओळ निर्यातीची टाका, मंत्र्यांचे कान तिथं टवकारतात. अमेरिकेनं १ जानेवारी २०२६ पासून नियम लागू केलाय: सागरी सस्तन प्राण्यांना अमेरिकेच्या तोडीचं संरक्षण न देणाऱ्या मासेमारीचा माल घेणार नाही. कासव बाहेर पडायची चौकट ट्रॉल जाळ्याला नाही म्हणून आपली समुद्रातली कोळंबी २०१९ पासून तिकडं बंदच आहे. भरपाई योजनेचा खर्च त्यापुढं किरकोळ.

घटप्रभा_काठ

हे सगळं ठीक. पण हिरण्यकेशी-घटप्रभेत जिलेटिन फोडतात, ब्लीचिंग पावडर ओततात, बॅटरीचा शॉक देतात, त्यावर मंडळ गप्प का? समुद्र लांब आहे, नदी दारात.

वडगाव_अर्जदार

मुद्दा रास्त, पण त्याला वेगळा धागा काढा. दोन्ही एकत्र केलं तर एकही होणार नाही. कायदा तर १८९७ चाच आहे, भारतीय मत्स्य अधिनियम: स्फोटकं आणि विष घालून मासे मारायला बंदी. शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा २०० रुपये दंड. २०० रुपये, आजही. तक्रार करताना नुसता हा कायदा लावू नका. जिलेटिन असेल तर स्फोटकांचा कायदा लावा असं तक्रारीत स्पष्ट लिहा, मग पोलीस हलतात.

अनगोळ_युवक

सगळ्यांचे आभार. बेत बदलला. मासळी बाजारासमोरचे फलक रद्द. पोस्टरच्या चित्राबद्दल आणि १५,००० कसे खर्चावेत याबद्दल कुणी सांगेल का?

सागरजीव

चित्र: नेटवरून उचललेला उंच उडी मारणारा, हसरा डॉल्फिन म्हणजे बॉटलनोज, बहुधा परदेशातल्या खेळाच्या तलावातला. आपल्याकडं असे तलाव चालवायला २०१३ पासून परवानगीच नाही. हंपबॅकचं खरं चित्र तसं देखणं नसतं, राखाडी पाठ आणि बोटभर पर. तेच लावा. चित्रकलेच्या सरांना सांगून रेषाचित्र काढून घ्या, म्हणजे फोटोच्या हक्काचा प्रश्नही मिटतो. शेजारी गिलनेटचं चित्र: वर बोये, खाली शिसं, मधे गुरफटलेलं पर. मजकूर मराठी आणि कन्नड दोन्हीत, कारवारला लावायचं पोस्टर कोंकणीत. रक्त, मेलेली पिल्लं नकोत. ज्याच्या जाळ्यात ते आलं तोच पोस्टरसमोर उभा असणार, आणि तो तुमच्याशी बोलायचा बंद होईल.

बैतखोल_धक्का

खर्चाचं असं बघा. माहिती अधिकार, झेरॉक्स, टपाल मिळून हजारभर. उत्तरातल्या कागदांना पानाला २ रुपये पडतात, जाडजूड फाइल आली तर थोडे जास्त ठेवा. कन्नड भाषांतर आणि निवेदनाच्या प्रती दोन हजार. पोस्टर तीन हजार, फ्लेक्स नको, कागदच. समुद्राच्या प्लास्टिकबद्दल बोलायचं आणि फ्लेक्स टांगायचं, बरं दिसत नाही. खानापूर-रामनगर-जोयडामार्गे कारवारची एक फेरी, सहा जणांची, चार हजार धरा.

उरलेल्या पाचेक हजारांत बोथट टोकाच्या कात्र्या घ्या, दोर कापायच्या, स्टीलच्या. साध्या लोखंडी घेतल्या तर महिन्याभरात गंजून पडतात. प्रत्येकीला वावभर दोरी आणि एक बोयाचा तुकडा बांधा, हातातून सुटली तरी तरंगली पाहिजे. सोबत लॅमिनेट केलेलं पान: कापायचा क्रम, कुठले तीन फोटो घ्यायचे, १५५४ आणि १९२६. सोसायटीमार्फत बोटींना द्या, स्वतः वाटत फिरू नका. आणि भरपाईचा आदेश निघेपर्यंत पानावर भरपाईचं एक अक्षर लिहू नका. पैसे मिळतील म्हणून कुणी जाळं कापलं आणि काहीच मिळालं नाही, तर पुढच्या वेळी तो कात्री काढणार नाही.